मार्च १९४८: भोर पुणे जिल्ह्यात कसं आलं?

मुठाकाठ (धागाकर्ता)

वरंध घाटाच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की 'भोर संस्थान १५ ऑगस्टला भारतात विलीन झालं'. तिथे लोक मिसळ आणि रस्त्यातले खड्डे यावर बोलत होते, म्हणून वाद घातला नाही. पण हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की वेगळा धागा काढतोच.

१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत झाला तो सामीलनामा, म्हणजे राज्य ठेवून ठरावीक विषय दिल्लीला देण्याचा करार. विलीनीकरण, म्हणजे राज्यच सोडून देणं, ते ८ मार्च १९४८ चं. मधल्या जवळजवळ सात महिन्यांत भोर भारतात होतं, पण मुंबई प्रांतात नव्हतं. भोरचे राजे, पंतसचिव, गादीवर होते आणि पुण्याच्या कलेक्टराचा तिथे काही संबंध नव्हता. औंध, फलटण, जत, सांगली, दोन्ही मिरजा, दोन्ही कुरुंदवाडं, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

सामीलनाम्याची कल्पना मुळात १९३५ च्या कायद्यातली. इंग्रजांना प्रांत आणि संस्थानं यांचं संघराज्य करायचं होतं. अट अशी की वरच्या सभागृहात संस्थानांना ज्या १०४ जागा होत्या, त्यांपैकी निदान ५२ जागांचे धनी तयार व्हायला हवेत आणि संस्थानी प्रजेतली निम्मी प्रजा त्यांच्या राज्यांत असायला हवी. संस्थानिकांनी वकील नेमले, मसुद्यांवर खल केला, आपले हक्क किती राहतील याचा घोळ घातला. तोवर १९३९ उजाडलं, युद्ध लागलं आणि ते संघराज्य कागदावरच राहिलं. माझ्या मते संस्थानिकांनी स्वतःच्या हाताने घालवलेली सगळ्यात चांगली संधी ती. तेव्हा सह्या केल्या असत्या तर १९४७ मध्ये ते संघराज्याचे जुने घटक म्हणून बोलणी करायला बसले असते.

पुढे इंग्रज जाणार म्हटल्यावर त्यांची संस्थानांवरची अधिसत्ता संपणार होती. ती भारत सरकारकडे येणार नव्हती, नुसती संपणार होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत साडेपाचशेच्या वर संस्थानं मोकळी. ५ जुलै १९४७ ला संस्थान खातं सुरू झालं. मंत्री वल्लभभाई पटेल, सचिव व्ही. पी. मेनन. २५ जुलैला माउंटबॅटननी नरेंद्र मंडळापुढे, म्हणजे संस्थानिकांच्या सभेपुढे, भाषण केलं. मागणी फक्त तीन विषयांची होती: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. मोठ्या संस्थानांसाठीच्या सामीलनाम्यात हेही लिहिलं होतं की पुढे होणारी घटना मान्य करण्याचं बंधन राजावर नाही आणि बाकीच्या बाबतीत त्याचं सार्वभौमत्व अबाधित आहे. तीन आठवड्यांत जवळपास सगळ्यांनी सह्या का केल्या, हे यावरून कळतं. त्यांना वाटलं, इंग्रजांना दिलं होतं त्याहून कमीच देतोय.

आता दक्षिणी संस्थानं. एकेकटं टिकणार नाही हे इथल्या राजांपैकी काहींना आधीच कळलं होतं. त्यांनी आपसांत एक 'संयुक्त दक्षिणी संस्थान' करायचा घाट घातला. १९४६ च्या उन्हाळ्यानंतर गांधीजी पुण्यात होते तेव्हा त्यांच्याशीही यावर बोलणं झालं होतं. करार झाला, कारभाराची जुळवाजुळव सुरू झाली, आणि सगळं सहा-आठ महिन्यांत विरघळलं. कोल्हापूर त्यात आलं नाही, आणि कोल्हापूरशिवाय त्या संघाला ना सलग भूभाग ना पैसा.

म्हणून माझं म्हणणं असं: आपली संस्थानं 'संघराज्यात आली' हे अर्धसत्य आहे. म्हैसूर किंवा त्रावणकोर आलं ते घटक म्हणून आलं. भोर आलं ते तालुका म्हणून.

---

निरा_देवघर

भोरचा आहे, त्यामुळे शेवटचं वाक्य जरा झोंबलं. पण खरं आहे.

भर घालतो. संस्थान म्हणजे फक्त आजचा भोर तालुका नव्हे. घाटाखालचं सुधागड, म्हणजे पालीचा गणपती आहे तो मुलूख, तोही पंतसचिवांचाच. विलीनीकरणात घाटावरचं पुणे जिल्ह्यात आलं आणि पाली कुलाबा जिल्ह्यात गेली. आमच्या भागातल्या काही घरांची सोयरीक, कुळं, देवस्थानाचे हक्क घाटाच्या दोन्ही बाजूंना होते. त्यांना एकाऐवजी दोन कचेऱ्यांचे उंबरे झिजवायची वेळ आली.

दुसरं, भाटघरचं धरण. ते संस्थानाच्या हद्दीत, बांधलं इंग्रज सरकारने, १९२० च्या दशकात पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे. जमीन बुडाली संस्थानातली. तेव्हा 'अधिसत्ता' म्हणजे काय हे भोरच्या शेतकऱ्याला कायद्याचं पुस्तक न उघडता कळलेलं होतं.

आमच्याकडची म्हातारी माणसं 'संस्थानी अमदानी' म्हणायची. चांगल्या अर्थाने की वाईट, ते बोलणाऱ्याच्या घरात इनाम होतं की नाही यावर अवलंबून.

---

शंकासूर

सगळं गोड गोड वाटतंय. सह्या 'केल्या' की 'करून घेतल्या'? जोधपूरच्या हनवंतसिंहांनी सही करताना मेनन यांच्यावर पेनातलं पिस्तूल रोखलं, हे मेनननीच लिहून ठेवलंय. त्रावणकोरच्या दिवाणांवर, सी. पी. रामस्वामी अय्यरांवर, जुलै ४७ मध्ये वार झाला आणि मग महाराजांची तार दिल्लीला गेली. हैदराबादेत सप्टेंबर ४८ मध्ये फौजच पाठवली. याला संघराज्यात 'येणं' म्हणायचं?

आणि प्रजेला कुणी विचारलं? फक्त जुनागढला. तिथल्या नवाबाने पाकिस्तानच्या बाजूने सही केली होती म्हणून विचारलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये १,९०,८७० लोकांनी मतं दिली, त्यांतली फक्त ९१ पाकिस्तानला. भोरमध्ये मतपेटी आली होती का हो?

---

निवृत्त_वकील_नवी_पेठ

शंकासूर, प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. सामीलनामा, विलीनीकरण करार आणि घटना स्वीकारणं ही तीन वेगळी कृत्यं. हैदराबादने सामीलनामाच दिला नव्हता, नोव्हेंबर ४७ चा नुसता जैसे थे करार होता. जोधपूरची भानगड सामीलनाम्याची. दक्षिणी संस्थानांची विलीनीकरणाची. प्रत्येक ठिकाणी दबाव कुठून आला ते निराळं.

कायद्याच्या अंगाने एक गंमत सांगतो, ती फारशी कुठे येत नाही. ८ मार्च १९४८ ला भोर लगेच 'मुंबई प्रांत' झालं नाही. विलीनीकरण कराराने राजाने राज्यकारभाराचे सगळे अधिकार डोमिनियन सरकारला दिले, म्हणजे दिल्लीला. दिल्लीने १९४७ च्या प्रांतबाह्य अधिकारक्षेत्र कायद्याखाली ते मुंबई सरकारकडे सोपवले. म्हणजे मुंबई सरकार भोर चालवत होतं ते दिल्लीच्या वतीने, प्रांताचा भाग म्हणून नव्हे. १९४९ साली विलीनीकरणाचा वेगळा आदेश निघाला तेव्हा ही संस्थानं कायद्याने प्रांतात मिसळली. त्या काळातले जमिनीचे दावे मी पाहिलेत. कोणत्या तारखेला कुठला कायदा लागू होता यावरच निम्मा युक्तिवाद खर्च व्हायचा.

आणि संघराज्याबद्दल. घटनेच्या पहिल्याच कलमात भारत हा राज्यांचा 'संघ' असेल असं आहे. मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला त्याचं कारण दिलं: हे संघराज्य घटकांनी आपसांत करार करून बनलेलं नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा हक्क नाही. प्रांतांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, कारण प्रांत हे मुळात इंग्रजांनी प्रशासनासाठी पाडलेले तुकडे. संस्थानांच्या बाबतीत करार होतेच, शेकड्यांनी होते. पण मोठ्या संस्थानांनी १९४९ च्या अखेरीस जाहीरनामे काढून हीच घटना आम्हाला लागू म्हणून मान्य केली, आणि भोर-सांगलीसारख्यांचा प्रश्न उरलाच नव्हता. करार करणारा पक्षच शिल्लक नव्हता.

---

टेक्सासातला_कोथरूडकर

इथे ऑस्टिनला राहतो, त्यामुळे 'आम्ही आपल्या मर्जीने आलो, वाटलं तर जाऊ' हे वाक्य दर निवडणुकीला ऐकतो. टेक्सास १८३६ पासून स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८४५ मध्ये अमेरिकेत आलं, तेही कराराने नव्हे. करार सिनेटमध्ये पडला, मग दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव करून घेतलं. यादवी युद्धानंतर १८६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्याच खटल्यात सांगितलं की एकदा आलात की आलात, एकतर्फी जाता येत नाही. वकीलसाहेब म्हणतात तो आंबेडकरांचा मुद्दा तिथे कोर्टाला, युद्धात लाखो माणसं मेल्यावर, सांगावा लागला. आपण तो आधीच घटनेत बसवला.

अमेरिकेच्या मूळच्या तेरा राज्यांमध्येही सगळे आनंदाने आले असं नाही. डेलावेअरने डिसेंबर १७८७ मध्ये घटनेला पहिल्यांदा मान्यता दिली, ऱ्होड आयलंडने मे १७९० पर्यंत ताणलं, तोवर वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं.

पण मला सगळ्यात आवडणारं उदाहरण कॅनडाचं. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये आलं ते रेल्वेच्या अटीवर. दोन वर्षांत काम सुरू, दहा वर्षांत पूर्ण. झाली १८८५ ला. मधल्या काळात 'रेल्वे देत नसाल तर आम्ही निघालो' अशा धमक्या सुरू होत्या. आपल्या राजांनी अशी काही अट घातली होती का? रस्ता, धरण, कॉलेज?

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

@टेक्सासातला_कोथरूडकर, हाच तर कळीचा फरक. अटी घातल्या, पण स्वतःसाठी. तनखा (राजाला सरकारकडून दरवर्षी मिळणारी रक्कम) किती, वाडा कुणाचा, खाजगी जमीन कोणती, दागिने खाजगी की दौलतीचे, झेंडा आणि मान राहील का. तनख्याचं एक गणितच ओडिशा-छत्तीसगडच्या संस्थानांच्या वेळी बसवलं गेलं: उत्पन्नातल्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यावर साडेसात टक्के आणि कमाल १० लाख. काही बड्यांना जास्त मिळाले, हैदराबादच्या निजामाला ५० लाख. घटनेच्या २९१ व्या कलमात त्याची हमी होती. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने ती काढली.

युरोपातही हे चालायचं. १८७१ च्या जर्मन साम्राज्यात बव्हेरियाने आपली रेल्वे, टपाल आणि बिअरवरचा कर राखून ठेवला. आणि त्यांचा राजा दुसरा लुडविग, ज्याने प्रशियाच्या राजाला सम्राटपद घ्या म्हणून पत्र लिहिलं, त्याला बिस्मार्ककडून गुपचूप पैसे पोचत होते. आपला तनखा निदान घटनेत छापलेला होता.

---

मिरजेची_सतार

मूळ लेखात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे नकाशा. पटवर्धनी संस्थानांचा नकाशा म्हणजे गोधडी. सांगली संस्थानाचा एक तुकडा सांगलीत, एक मंगळवेढ्याला, एक तेरदाळला, एक पार धारवाडकडे शिरहट्टीला, आणि बेळगावला लागून असलेलं शहापूर हेही सांगलीचं. लक्ष्मेश्वर आमच्या मिरजेचं. मिरजेच्याच धाकट्या पातीची राजधानी बुधगाव, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना मध्ये इंग्रजी हद्द, मग परत संस्थानी हद्द. गुन्हा करून ओढा ओलांडला की दुसऱ्याचं राज्य. असल्या तुकड्यांचं संघराज्य कसं करणार? जोडायला सलग काही नव्हतंच.

आता शंकासुरांच्या प्रश्नाबद्दल, दबाव कुठून आला. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, आणि पुढच्या काही दिवसांत सांगली-मिरज-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात ब्राह्मणांची घरं, दुकानं, कारखाने जळाले. दक्षिणी संस्थानिकांत बरेचसे ब्राह्मण: पटवर्धन, पंतप्रतिनिधी, पंतसचिव. संस्थानांची पोलिसदलं म्हणजे मूठभर शिपाई. त्यांच्याने ते आवरलं नाही. विलीनीकरणाची बोलणी आधीपासून सुरू होती, जमखंडीकरांसारख्यांची तयारीही होती, पण फेब्रुवारीतल्या सह्यांमागची घाई या जाळपोळीपासून वेगळी काढता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने हा विषय घरात कधी काढला नाही.

---

शंकासूर

हे पटलं. म्हणजे बंदूक दिल्लीची नव्हती, गल्लीतली होती.

---

अदिती_सहकारनगर

औंधबद्दल कुणीच का बोलत नाहीये? (परिहार चौकातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, यमाईचं.)

बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हटलं की लोकांना फक्त सूर्यनमस्कार आणि चित्रसंग्रहालय आठवतं. पण या माणसाने १९३९ मध्ये स्वतःची सत्ता लिहून देऊन टाकली. मुलगा आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि सल्ल्याला गांधीजी. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून संस्थानाचं विधिमंडळ. न्यायसुद्धा गावात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहतही त्याच प्रयोगातली. सुमारे ५०० चौरस मैलांचं राज्य, तेही तुकड्यातुकड्यांत, आणि जवळजवळ दहा वर्षं हे चाललं. कुंडल औंधचंच. प्रतिसरकारचे (इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्यातल्या समांतर सरकारचे) लोक तिथे आसरा घ्यायचे त्याला संस्थानी हद्दीचा आणि या मोकळ्या कारभाराचा हातभार होता.

मुद्दा असा की औंधची प्रजा मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली तेव्हा तिने अधिकार मिळवले असं सरसकट म्हणता येत नाही. काही गमावलेसुद्धा. गावपंचायतीच्या हातात असलेल्या कित्येक गोष्टी मामलेदार कचेरीत गेल्या. आणि वकीलकाकांनी दिलेलं तेच ४ नोव्हेंबरचं भाषण पुढे वाचलं तर त्यात आंबेडकर खेड्यांवर तुटून पडतात, खेडं म्हणजे अज्ञान आणि जातीयतेचं डबकं, आपण व्यक्ती हा घटक धरला हे बरं केलं म्हणतात. त्यांचं कारण मला समजतं, दलिताला गावपंचायतीत काय न्याय मिळाला असता हे सांगायला नको. पण देशात खेड्यांवर उभी केलेली एक राज्यपद्धत खरोखर चालून दाखवली होती आणि ती आठ महिन्यांपूर्वीच मोडीत निघाली होती, हे त्या चर्चेच्या वेळी कितीजणांच्या ध्यानात होतं?

---

निवृत्त_वकील_नवी_पेठ

अदिती, मुद्दा चांगला काढलात. पण औंध हा अपवाद होता. शेजारच्या दहा संस्थानांत प्रजा परिषदांना सभा घ्यायला परवानगी मिळायची मारामार. त्यांच्या परिषदा पुण्यात भरायच्या त्याचं कारणही तेच, इथे निदान इंग्रजी कायदा होता. एका भल्या राजासाठी बाकीच्या डझनभरांना राज्य करू द्यावं, हे मला नाही पटत. आणि १९३९ चं स्वराज्य शेवटी राजाने दिलेलं. पुढच्या राजाने काढून घेतलं असतं तर दाद कुठे मागणार होतात?

---

अदिती_सहकारनगर

संघराज्यात असतं तर सर्वोच्च न्यायालयात, काका. 🙂 तोच तर माझा मुद्दा. औंधसारखं एखादं छोटं घटक राज्य ठेवता आलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये पुणे कॅन्टोन्मेंटपेक्षा कमी वस्तीचे परगणे आजही घटक म्हणून नांदतात.

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

राहिलेलं कोल्हापूर. १९ तोफांच्या सलामीचं राज्य, भोरला ९. पुन्हा छत्रपतींची गादी, शाहू महाराजांच्या सुधारणांचा वारसा. तिथे विलीनीकरण १ मार्च १९४९ ला झालं, म्हणजे बाकीच्यांनंतर वर्षभराने. आकार आणि प्रतिष्ठा असली की मुदत वाढवून मिळते, एवढंच. बडोदा त्याच वर्षी मे महिन्यात गेलं.

आणि गेलेलं सगळं महाराष्ट्रातही राहिलं नाही. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावनूर १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात. सांगलीचं शिरहट्टी आणि मिरजेचं लक्ष्मेश्वरही तिकडेच. १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं.

---

मिरजेची_सतार

शहापूर विसरलात. संस्थान असतं तर बेळगावच्या वादात ते सांगलीच्या बाजूने धरलं गेलं असतं, असं आमच्याकडे अजून लोक हिरिरीने सांगतात. मला त्यात दम वाटत नाही, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत संस्थानी हद्दी पाळल्या गेल्या नाहीत.

---

शंकासूर

माझा प्रजेला विचारण्याचा प्रश्न तसाच राहिला. महाराष्ट्रात यायचं का असं कुणाला तरी कधी विचारलंय का?

---

मुठाकाठ (धागाकर्ता)

गोव्याला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. १,७२,१९१ मतं केंद्रशासितच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. पुढे १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं. क्षेत्रफळ म्हणाल तर कोल्हापूर संस्थानाच्या निम्म्याहूनही कमी.

त्यावर लिहायचं असेल तर नवा धागा काढा, इथे दक्षिणी संस्थानांपुरतंच ठेवू. फलटणबद्दल कुणी माहीतगार असेल तर जरूर लिहा. मालोजीराजे निंबाळकर विलीनीकरणानंतर मुंबई राज्यात मंत्री झाले. गादी सोडून निवडणुकीच्या राजकारणात उतरलेल्या संस्थानिकांत ते लवकरचे, आणि त्यांच्यावर माझं वाचन तोकडं आहे.